आकडा कुठून आला, ते सांगता आले पाहिजे

फोंडा तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र थोडक्यात असे आहे: "मी गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञान विषयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेतले काम मला जमते, पण पुढची पाच-सहा वर्षे पीएच.डी.साठी एकाच प्रथिनामागे घालवण्याची ओढ वाटत नाही. आमच्या विभागातील एक माजी विद्यार्थिनी पुण्यात सल्लागार कंपनीत अ‍ॅनालिस्ट आहे. औषध कंपन्यांनी कोणत्या औषधावर पैसे लावावेत हे सांगण्याचे आपले काम आहे, असे ती म्हणाली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. मात्र मला व्यवसायातले काही कळत नाही, कोडिंग येत नाही, आणि चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकल्यामुळे इंग्रजीत बोलताना अजून अडखळते. एम.बी.ए. करावे का? नेमकी कोणती कौशल्ये लागतात? वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात नोकरी मिळते आहे आणि महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा आहे. ती घेतली तर ही वाट बंद होईल का?"

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, पण त्याचे उत्तर आधीच्या प्रश्नांवर अवलंबून असल्यामुळे तो मी शेवटी घेते.

गोव्यात परत येण्यापूर्वी पुण्यात मी हे काम नऊ वर्षे केले, त्यामुळे त्याचे स्वरूप आधी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. पैसे कुठे लावावेत हे सांगणे, हे तुमच्या विभागातल्या त्या माजी विद्यार्थिनीने केलेले वर्णन खरे असले तरी पहिल्या दोन-तीन वर्षांत अ‍ॅनालिस्टच्या वाट्याला त्या मोठ्या प्रश्नाचे लहान लहान तुकडे येतात: एखाद्या आजाराचे रुग्ण किती आहेत, त्यांतले उपचारापर्यंत किती पोहोचतात, सध्याचे औषध कुठे कमी पडते, प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चाचण्या कोणत्या टप्प्यावर आहेत, आणि औषधाचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात. या प्रत्येक तुकड्याचे उत्तर एका आकड्यात किंवा एका वाक्यात द्यावे लागते आणि त्या उत्तरावर कोणीतरी खरोखरच निर्णय घेणार असते. माणसाला पहिल्यांदा दिलेल्या औषधापैकी दहातले साधारण एकच शेवटी मान्यतेपर्यंत पोहोचते, असा या उद्योगाचा दीर्घ अनुभव आहे, म्हणून चुकीच्या औषधावर घालवलेली वर्षे आणि पैसा ही फार मोठी किंमत असते. अशा ठिकाणी अ‍ॅनालिस्टकडे सर्वांत आधी काय हवे, असे मला विचारले तर मी एकच सांगेन: आपण दिलेला आकडा कुठून आला, त्यातले मोजलेले किती आणि मानलेले किती, हे कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे. बाकीची बहुतेक कौशल्ये या एका सवयीच्या आधाराने वाढतात.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून आपल्याच राज्यातले एक उदाहरण सोडवून दाखवते. समजा, एका कंपनीला गोव्यात मानवी इन्सुलिनच्या बाटल्या विकायच्या आहेत आणि वर्षाला एकूण किती बाटल्या खपत असतील, हे तिला हवे आहे. मानवी इन्सुलिन हे जनुकीय तंत्राने तयार झालेले पहिले औषध, ज्याला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली, तेव्हा तुमच्या विषयाच्या दृष्टीनेही ते योग्य उदाहरण आहे. सुरुवात लोकसंख्येपासून करू. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, आणि आज वीस वर्षांवरील माणसे सुमारे ११ लाख असतील असे धरू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले, जे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. म्हणजे आपल्याकडे साधारण २ लाख ९० हजार मधुमेही.

अननुभवी माणूस इथेच थांबतो आणि या संख्येला बाटल्यांनी गुणतो. पण ही पाहणी रक्त तपासून केलेली होती, त्यामुळे आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊकच नव्हते अशी माणसेही तिच्यात मोजली गेली आहेत, आणि ज्याला आजार ठाऊक नाही तो फार्मसीची पायरी चढत नाही. म्हणून पुढची पायरी निदानाची. निम्म्यांना निदान झाले आहे असे धरले तर १ लाख ४५ हजार उरतात. त्यांतले ८० टक्के औषध घेतात असे धरले तर १ लाख १६ हजार, आणि त्यांतल्या १२ टक्क्यांना इन्सुलिन लागते असे धरले तर सुमारे १४ हजार. आपल्याकडची नेहमीची बाटली १० मिलिलिटरची, प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० युनिट, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. रोज ४० युनिट लागणाऱ्या रुग्णाला ती दहा दिवस पुरते, म्हणून वर्षाला साडेछत्तीस बाटल्या आणि सर्व मिळून सुमारे ५ लाख बाटल्या.

आता खरे काम सुरू होते. वरच्या हिशेबातले २६.४ टक्के मोजलेले आहेत आणि बाटलीतली युनिटे लेबलवर छापलेली आहेत, पण ११ लाख प्रौढ, निम्मे, ८० टक्के, १२ टक्के आणि रोजची ४० युनिटे ही माझी गृहीतके आहेत. ती मी जाणूनबुजून ढोबळ ठेवली आहेत, म्हणजे ती एकेक करून हलवून पाहता येतील. निदानाचे प्रमाण निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर नेले तर इन्सुलिन घेणारे साडेअठरा हजार होतात. निदान निम्मेच ठेवून इन्सुलिन लागणाऱ्यांचे प्रमाण १२वरून २० टक्क्यांवर नेले तर ते तेवीस हजारांच्या पुढे जातात. याचा अर्थ, तुमच्याकडे चौकशीसाठी दोनच दिवस असतील तर ते दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे इन्सुलिन लागणाऱ्यांच्या प्रमाणावर, खर्च केले पाहिजेत, आणि सुदैवाने तोच आकडा विचारून कळण्यासारखा आहे. फोंड्याच्या बाजारातल्या तीन फार्मसी आणि मधुमेह पाहणारे दोन डॉक्टर एवढी माणसे भेटली तरी १२ जवळचे की २० जवळचे, याचा अंदाज येतो. त्याच फेरीत तुम्हाला आणखी एक गोष्ट कळेल जी कागदावर सुचली नसती: बाटल्यांपैकी किती सरकारी आरोग्य केंद्रांतून जातात आणि किती दुकानातून विकत घेतल्या जातात. कंपनीच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत, कारण एकीकडे निविदेतला सर्वांत कमी दर निर्णय करतो आणि दुसरीकडे डॉक्टरांची चिठ्ठी.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मूत्रपिंडाच्या एका आजाराचा हिशेब करताना मी दरवर्षी नव्याने आढळणाऱ्या रुग्णांचा आकडा हा एकूण रुग्णांचा आकडा समजून वापरला. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात या दोन संख्यांमध्ये कित्येक पटींचा फरक असतो, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण तो आकडा कोणत्या तक्त्यातून उचलला हे मी लिहून ठेवले नव्हते, त्यामुळे माझे काम तपासणाऱ्या वरिष्ठांनाही चूक दिसली नाही. ती दिसली बैठकीत, समोरच्या कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. त्यांनी शांतपणे विचारले, "हा आकडा कुठला?", आणि मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक एक्सेल फाईलमध्ये पहिले पान गृहीतकांचे असे, बाहेरून आणलेला प्रत्येक आकडा निळ्या अक्षरात, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात तो कुठून, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या वयोगटाचा, हे लिहिलेले. तुम्ही आजच ही सवय लावून घेतली तर तो प्रसंग तुमच्यावर येणार नाही.

दुसरे कौशल्य वैद्यकीय चाचणीचा शोधनिबंध वाचण्याचे, आणि इथे तुमचे शिक्षण तुम्हाला वाणिज्य शाखेतून आलेल्यांच्या बरेच पुढे ठेवते. पण रेणू कसा काम करतो हे समजणे आणि चाचणीने नेमके काय सिद्ध केले हे समजणे यांत अंतर आहे. एखाद्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २५ टक्क्यांनी घटला असे वाचले की आधी विचारावे, कितीवरून कितीवर. तो १०० माणसांत ४ वरून ३ वर आला असेल तर एका माणसाचा झटका टाळण्यासाठी शंभरांना औषध द्यावे लागणार आहे, आणि पैसे देणारे सरकार किंवा विमा कंपनी हाच हिशेब करणार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चाचणीत मोजले काय? बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंड औषधाला पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अमेरिकेत फेब्रुवारी २००८मध्ये, पुढच्या पुराव्याच्या अटीवर, त्वरित मान्यता मिळाली, कारण आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ पहिल्या चाचणीत सुमारे सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेला होता. पुढच्या चाचण्यांत हा फायदा बराच कमी दिसला आणि रुग्ण एकूण अधिक काळ जगतात असे कुठेच दिसले नाही, तेव्हा नोव्हेंबर २०११मध्ये त्या आजारापुरती मान्यता काढून घेतली गेली. आजार वाढेपर्यंतचा काळ आणि एकूण आयुष्य ही दोन मापे वेगळी आहेत, हे ज्या अ‍ॅनालिस्टने २००८ सालीच ठळकपणे लिहून ठेवले असेल, तिने आपल्या ग्राहकाची मोठी सेवा केली. तुम्ही आठवड्याला एक चाचणी निवडा, भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद उघडा, तिने आधी काय मोजायचे ठरवले होते ते पाहा, आणि मग प्रसिद्ध झालेल्या निबंधात तेच मोजले आहे का, हे ताडून बघा.

त्यासाठी संख्याशास्त्र पक्के हवे. या विषयाला घाबरणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण देते. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने १९४४ साली गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे जे सूत्र मांडले, ते कोसंबी फलन (मॅपिंग फंक्शन) या नावाने जनुकशास्त्रात आजही वापरले जाते. गणितातला माणूस जीवशास्त्रात इतके टिकाऊ काम करून गेला, तर जीवशास्त्रातल्या माणसाने विश्वासांतर (खरा आकडा कोणत्या मर्यादांत असावा), पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) आणि जगण्याचे आलेख (काळानुसार किती रुग्ण जिवंत राहतात ते दाखवणारे) समजून घेणे मुळीच अशक्य नाही. सहा महिने रोज तासभर दिला तर एवढे पदरात पडते.

तिसरी गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा फारशी आलेली नसेल: कायदा, पेटंट आणि किंमत. अ‍ॅडॅलिमुमॅब हे संधिवातावरचे प्रतिपिंड औषध अमेरिकेत २००२च्या शेवटच्या दिवशी मान्य झाले. त्याची अगदी मिळतीजुळती आवृत्ती, जिला बायोसिमिलर म्हणतात, झायडस या भारतीय कंपनीने डिसेंबर २०१४मध्ये भारतात आणली, आणि अमेरिकेतल्या रुग्णांना असे पहिले बायोसिमिलर मिळायला जानेवारी २०२३ उजाडावे लागले. रेणू तोच आणि विज्ञानही तेच. आठ वर्षांचे अंतर प्रामुख्याने पेटंटांच्या जाळ्यामुळे आणि त्यावरच्या तडजोडींमुळे पडले. म्हणून भारतात औषधांवर उत्पादन पेटंट २००५पासून लागू झाले, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)मुळे जुन्या औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला पेटंट मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात हेच कलम उचलून धरले, आणि आवश्यक औषधांच्या किमतींवर २०१३च्या आदेशाने मर्यादा आहे, एवढा सांगाडा तुमच्या डोक्यात पक्का हवा. वकील व्हायची गरज नाही, पण कोणता प्रश्न वकिलाकडे न्यायचा हे ओळखता आले पाहिजे.

कोडिंगबद्दल तुम्ही काळजी करता आहात, त्यावर थोडक्यात. सुरुवातीला एक्सेल उत्तम आले पाहिजे, इतके की दुसऱ्याने फाईल उघडली तर तुम्हाला न विचारता त्याला हिशेब समजावा. रुग्णांच्या मोठ्या माहितीसाठ्यांवर काम करणाऱ्या गटात जायचे असेल तर माहितीसाठ्यातून हवे ते काढण्याची एसक्यूएल आणि हिशेबासाठी आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा शिकावी, नाहीतर ते वर्षभराने शिकले तरी चालते. स्लाइड बनवताना एकच पथ्य पाळावे: मथळ्याच्या जागी 'गोव्यातील मधुमेह' असे नाव न लिहिता 'गोव्यात इन्सुलिनची मागणी निदानापेक्षा डॉक्टरांच्या सवयीवर अधिक अवलंबून आहे' असे पूर्ण वाक्य लिहावे. असे वाक्य सुचत नसेल तर ती स्लाइड अजून तयार झालेली नाही.

भाषेबद्दल तुमच्या मनात जो कमीपणा आहे तो मला खटकला, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात आणि बैठकाही इंग्रजीत होतात, हे खरे आहे, तेव्हा लेखी इंग्रजी सोपे, नेमके आणि निर्दोष हवे आणि बोलण्याचा सराव मोठ्याने करावाच लागेल. मी स्वतः निबंधाचा सारांश दररोज पाच मिनिटे मोठ्याने सांगत असे, खोलीत कोणी नसताना. परंतु या कामाचा निम्मा भाग डॉक्टर, परिचारिका, औषध विक्रेते आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याशी बोलण्याचा असतो, आणि तिथे म्हापशाच्या डॉक्टरांशी कोकणीत, सिंधुदुर्गातल्या विक्रेत्याशी मराठीत बोलणारी मुलगी जे ऐकून येते ते इंग्रजी प्रश्नावली वाचून दाखवणाऱ्याला ऐकू येत नाही. मुलाखतीत आपले मत आधी सांगू नये, होय-नाहीत संपणारा प्रश्न टाळावा, आणि "मागच्या आठवड्यात आलेला शेवटचा रुग्ण आठवा, त्याला तुम्ही काय लिहून दिले?" असे विचारावे. सर्वसाधारण प्रश्नाला माणसे आदर्श उत्तर देतात, पण एका रुग्णाबद्दल विचारले की जे घडले ते सांगतात. त्याच वेळी, समोरच्याला कोणाची गुपिते सांगायला लावायचे नाही आणि एका ग्राहकाकडचे दुसऱ्याकडे न्यायचे नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. ती मोडणाऱ्याला या क्षेत्रात कोणी उभे करत नाही.

एम.बी.ए. आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम.एस्सी.वर अ‍ॅनालिस्ट म्हणून प्रवेश मिळतो. पुणे, बंगळूर, गुरुग्राम आणि हैदराबाद इथे औषध उद्योगासाठी काम करणाऱ्या झेडएस आणि आयक्यूव्हिया यांच्यासारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत आणि लहान कंपन्याही आहेत. तीन-चार वर्षे काम केल्यावर आपल्याला नेमके काय कमी पडते ते कळते, आणि मग कर्ज काढून शिकायचे की नाही हा निर्णय डोळसपणे घेता येतो. पीएच.डी.चेही तसेच आहे. तिच्यामुळे काही ठिकाणी थोड्या वरच्या पदावर सुरुवात होते, पण ओढ नसताना केवळ त्यासाठी ती करू नये. प्रवेशाच्या मुलाखतीत इन्सुलिनसारखाच एखादा प्रश्न देऊन मोठ्याने विचार करायला सांगतात, म्हणून एखाद्या मैत्रिणीला समोर बसवून असे वीस प्रश्न सोडवा आणि प्रत्येक वेळी कोणते गृहीतक सर्वांत कच्चे आहे ते स्वतःहून सांगा.

आता वेर्ण्याची नोकरी. ती घ्या, आणि दीड-दोन वर्षांची मुदत मनाशी ठरवून घ्या. सल्लागार कंपन्यांत अशी पुष्कळ हुशार माणसे आहेत ज्यांनी औषधाची एकही बॅच तयार होताना पाहिलेली नाही, आणि त्यामुळे पुरवठ्याला उशीर का होतो किंवा दोन कारखान्यांतला खर्च वेगळा का येतो, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागते. तुम्ही ते रोज पाहाल. तिथे नमुने तपासून घरी परतणे एवढेच करू नका. एक बॅच तयार झाल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती दिवस जातात आणि त्यातले तपासणीत किती, याची नोंद ठेवा, मर्यादेबाहेरचा निकाल आला तर त्याचे कारण शोधणारा अहवाल वाचायला मागा, आणि परदेशी नियामकांची तपासणी येणार असेल तर तयारीच्या कामात स्वतःहून नाव द्या. शिवाय त्या विभागात पहिल्याच आठवड्यात तुम्हाला शिकवतील की वजनकाट्यावरचा आकडा चिठोऱ्यावर न टिपता थेट नोंदवहीत शाईने लिहायचा, खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख घालायची, आणि जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही असे धरायचे. मला पुण्याच्या त्या बैठकीत जे सांगता आले नाही, ते सांगण्याचे शिक्षण तुम्हाला तिथे पगार देऊन मिळणार आहे. महिनाअखेरीची वाट न पाहता होकार कळवा, आणि रुजू होण्यापूर्वी फोंड्याच्या त्या तीन फार्मसींत जाऊन या.